सोफ्याला सांगितलेला शब्द

डाव्या हातातली चिठ्ठी छातीशी उलटी धरलेली आणि उजव्या हाताचं एक बोट वर. "एकच शब्द, नामवंत! वाक्य नाही, हातवारे नाहीत." डॉक्टरकाका मला आठवतात ते असे. हातवारे नाहीत म्हणताना ते बोट इतकं नाचवत की काकू म्हणायच्या, "अहो, खेळ आहे हा, इंजेक्शन नाही."

इथे परदेशात, लूकन गावात, भिंतीला भिंत लागून आमची घरं. मी शिकायला आलो, लिक्सलिपच्या चिप कारखान्यात नोकरीला लागलो आणि त्यांच्या शेजारी भाड्याने राहू लागलो, तेव्हा ते निवृत्त झाले होते. तरुणपणी इथल्या सरकारी इस्पितळात आले, तेव्हा डॉक्टरांच्या वसतिगृहात एका सहकाऱ्याला त्याची बहीण अमेरिकेहून टीव्हीच्या कॅसेट पाठवायची. त्यांत एक जुना, कृष्णधवल खेळ होता. प्रत्येक जोडीत एक साधा माणूस आणि एक प्रसिद्ध नट किंवा नटी. एकाला गुप्त शब्द मिळायचा. त्याने दुसराच एखादा शब्द सुचवायचा आणि जोडीदाराने त्यावरून गुप्त शब्द ओळखायचा. घरी बसून बघणाऱ्यांना मात्र निवेदक तो शब्द आधीच हळूच सांगून टाकायचा.

काकांनी तो खेळ मराठीत आणला. जुन्या अपॉइंटमेंट कार्डांच्या मागे शब्द लिहिले आणि ती बिस्किटांच्या डब्यात भरली. डबा स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि काका पुण्याचे असूनही तेच म्हणत.

"जोडीत एक नामवंत लागतो," ते म्हणाले. माझी एक कथा कधीकाळी एका दिवाळी अंकात छापून आली होती. तेवढ्यावर माझी नेमणूक झाली. पोस्टमनलाही त्यांनी दारातच सांगितलं, "धिस मॅन इज फेमस." पोस्टमन माझ्या चपलांकडे बघून म्हणाला, "फेअर प्ले टु हिम." ही इथली शाबासकी.

दर रविवारी चार वाजता चहा आणि खेळ. सुचवायचं त्यांनी, ओळखायचं मी. निवेदकाचं कामही त्यांचंच. चिठ्ठी काढली की सोफ्यावर बसलेल्या काकूंच्या कानाशी वाकून ते शब्द सांगायचे, कारण काकू म्हणजे प्रेक्षक. एकदा त्यांनी सुचवलं, "ग्रह!" मी म्हटलं, "जावई." शब्द तोच होता; काका खुर्चीतून उठलेच. काकू म्हणाल्या, "संस्कृतातला पुरावा चालणार नाही. जावई यायचाय अजून, त्याला ऐकू जाईल."

काकू गेल्या. महिनाभराने काकांनी पुन्हा डबा काढला. चिठ्ठी काढली, आणि सवयीने रिकाम्या सोफ्याकडे वाकून शब्द सांगितला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तुम्हीही तेच केलं असतंत.

पण काकांना आता कमी ऐकू येत होतं. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याची कुजबुज खोलीभर ऐकू जाते. सोफ्याला सांगितलेला प्रत्येक शब्द मला स्पष्ट कळायचा. सुरुवातीला मी प्रामाणिकपणे तो विसरायचा प्रयत्न करत असे.

मग एका रविवारी सोफ्याला त्यांनी सांगितलं, "छत्री." माझ्याकडे वळून बोट वर केलं आणि म्हणाले, "मंगळवार."

त्यांच्या चेहऱ्यावर अपेक्षा होती, मग थोडी भीती दिसली. ती भीती मला सहन झाली नाही. मी म्हटलं, "छत्री."

"शाबास! म्हणूनच नामवंत लागतो!"

त्यानंतर ते होतच राहिलं. 'उशी'साठी 'पोस्टमन', 'आरशा'साठी 'भेंडी'. मी विचार केल्यासारखं करायचो, एखादं चुकीचं उत्तर द्यायचो, मग बरोबर. ते कॉर्क शहरात राहणाऱ्या लेकीला फोन करून सांगायचे, "दहापैकी दहा."

लेक इथेच वाढलेली. मराठी समजायचं, पण बोलायची इंग्रजीच. एकदा आली तेव्हा स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, खरं सांग. बाबा एकच गोष्ट तीनतीनदा विचारतात. इंग्रजी पूर्वीसारखंच आहे. पण त्यांचं मराठी नीट आहे का, हे मला नाही कळत. तुला कळेल. त्यांच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेऊ का?"

बाहेरच्या खोलीत काका कप मांडत होते. किल्ल्या गेल्या की घर जाईल, घर गेलं की रविवार जाईल, असं माझ्या मनात आलं. कोणाचा रविवार, हे मी स्वतःला विचारलं नाही.

"दहापैकी दहा," मी म्हटलं. "एकदम ग्रँड." इथे सगळं ठीक आहे म्हणायला हाच शब्द.

तिने सुटकेचा श्वास सोडला. तो मला अजून ऐकू येतो.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात काका सकाळी टाय लावून गाडीत बसले. आपली ड्यूटी आहे, असं त्यांना वाटलं होतं. जुन्या इस्पितळाच्या वाटेवर गाडी खड्ड्यात गेली. दुसऱ्या कोणाला लागलं नाही. काकांचं खुब्याचं हाड मोडलं. घरी ते परत आलेच नाहीत.

इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुला शब्द आधीच ऐकू यायचा?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"बहुतेक."

तिच्या हातात चहाचे दोन कप होते. एक तिने माझ्या हातात दिला आणि आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

शुश्रूषागृहात मी एका रविवारी डबा घेऊन गेलो. लेकही आली होती. काकांनी चिठ्ठी काढली, छातीशी धरली आणि शेजारी वळले. तिथे सोफा नव्हता, भिंत होती. क्षणभर ते भिंतीकडे बघत राहिले. मग कोणालाच काही न सांगता माझ्याकडे वळले. बोट वर झालं.

"स्टेशन."

"गाडी?" मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "तिकीट? हमाल?" नाही. "निरोप?" नाही. मी खरोखर शोधत होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी खेळत होतो, आणि मला येत नव्हतं.

काकांनी चिठ्ठी डब्यात उलटी ठेवली. आयुष्यभर रोग्यांकडे पाहिलं असेल तसं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजली.

"ठोके उत्तम आहेत," ते म्हणाले. मग लेकीकडे वळून, हळू बोलल्यासारखं पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं: "यांना हल्ली शब्द सापडत नाहीत गं. एकटे राहतात. लक्ष ठेव."

पुढच्या रविवारच्या आत ते गेले.

डबा आता माझ्या प्रेसमध्ये आहे. रविवारी चार वाजता कॉर्कहून फोन येतो. "दादा, तू बरा आहेस का?" पाठ केल्यासारखं एवढंच मराठी.

"ग्रँड," मी म्हणतो.

ती लगेच फोन ठेवत नाही. त्या शब्दावर ती आता विश्वास ठेवत नाही.