नाचायला नाही, ठरवायला

मालू,

चष्मा लाव आणि हे स्वतः वाच. सुनेला वाचून दाखवायला सांगशील, आणि मी तुला काय काय म्हटलंय ते संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला कळेल.

तरी हे तुला न ओळखणाऱ्या कुणाच्या हाती पडलंच, तर त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. मालुबाई गुंजीच्या वरच्या रानातली, धनगर गवळ्यांच्या वाड्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची. शाळा चौथीपर्यंत. खानापुरात मी शिक्षिका होते तेव्हा ती तूप घेऊन दारात यायची, आणि तूप मोजता मोजता माझ्या टेबलावरचा पेपर उलटा वाचायची. पुढं वनहक्काचे अर्ज निघाले तेव्हा पिढ्यानपिढ्या इथंच राहतो याचे पुरावे हिनं वाड्यावाड्यांवर फिरून गोळा केले. साहेब लोकांना तिचं नाव कळलं ते तेव्हा.

गेल्या वर्षी बेंगळूरच्या एका संस्थेतून नागेंद्र नावाच्या संयोजकाचा तुला फोन आला. काठमांडूला आदिवासींच्या हक्कांवर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती.

"आक्का, तुमचा धनगरी गजा नाचणारा संघ पाठवा. बारा जणं पुरेत."

"नाचायला बारा. आन् ठरवायला किती?"

"ठरवणारे हायत ओ इकडं."

"मग नाचणारे बी तिकडलंच बघा." आणि तू फोन ठेवलास.

हे ऐकून मी कपाळावर हात मारला. चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला: बेंगळूरला तयारीच्या बैठकीत एक खुर्ची देतो. तू उड्या मारशील असं मला वाटलं होतं. पण वाड्यावरच्या म्हाताऱ्या मष्णूआप्पांनी तुला आधीच बजावलं, "फोटो काढून येऊ नगंस. आमाला इचारल्याबिगार तू कुठं सही केलीस, तर ती सही तुझी. आमची न्हाय." हसत गेलीस, पण गाडीत बसल्यावर पार हुबळीपर्यंत मला एकच विचारत होतीस. वाड्यानं सही नाकारली तर परत येऊन तोंड कसं दाखवायचं?

बैठकीत कार्यक्रम छापून तयार. फक्त सह्या हव्या होत्या. तारीख होती दिवाळीच्या आठवड्यातली. तू कागद पालथा घातलास.

"दिवाळीत म्हशी सोडून गवळी कुठं जातोय? त्यांचाच तर सण त्यो."

"एका समाजासाठी तारीख बदलत नसते, आक्का," नागेंद्र म्हणाला.

"एकाचं कोण बोलतंय? सगळ्यांस्नी इचारा की."

"विचारलंय. कधी येणार म्हणून पत्रं गेली होती."

"तसं न्हाय इचारायचं."

मी भराभर इंग्रजी करत होते आणि मनात म्हणत होते, ही आता काय काढते! तू काढलंस ते लग्नाचं. तुमचे वाडे रानात मैलामैलावर. तारीख धरण्याआधी एक माणूस वाड्यावाड्यांवर फिरतो आणि एकच विचारतो, कधी येता येणार नाही? कुणाची म्हैस विणार असते, कुणाची नाचणी कापायची असते. सगळ्यांचे नकार बाजूला काढून उरलेल्या दिवसांत लग्न. 'कधी येणार' असं विचारलं की माणूस भिडेनं हो म्हणतो, आणि येत नाही.

भिंतीवरचं कॅलेंडर तू खाली उतरवलंस. नीलगिरीहून आलेल्यांनी त्यांच्या जत्रेचा आठवडा खोडला, झारखंडच्या बाईंनी पेरणीचे दिवस. पडद्यावरून सामील झालेल्या नेपाळच्या प्रतिनिधींनी हात वर केला. मग म्हणाल्या, दिवाळीत आमच्याकडेही कुणी घर सोडत नाही, पण आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

ज्यांच्या देशात परिषद, त्यांनाच विचारायचं राहिलं होतं! आधी हसली ती एक आजी, आणि मग सगळं दालन. नागेंद्रही हसला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"आता मी काय करू, आक्का?"

"आता च्या सांगा. मग बसूया."

दुपारी छापील कार्यक्रम फाडला. कामकाज समितीत सात समाजांची माणसं आली, तू त्यात. नाच शेवटच्या संध्याकाळी, तोही ज्यांना हौस असेल त्यांचा. आणि कुठलाही ठराव ज्याच्या त्याच्या वस्तीवर जाऊन, तिथं विचारून परत आल्याशिवाय त्यावर सही नाही. हे शेवटचं कलम तू तीनदा वाचून घेतलंस. वाड्यावर परतल्यावर मष्णूआप्पांनी कागद उलटसुलट केला, पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "हां. आता कर."

फेब्रुवारीत काठमांडूला पहिल्या सत्राच्या अध्यक्षस्थानी तू होतीस. इरकल लुगड्यात, आणि पायात माझे बूट. मला थंडी वाजत होती, मी रडत नव्हते. तू वाड्यावर भलतंच सांगत फिरतेस, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते.

एवढं सगळं झालं, पण एक काम तुझ्यामाझ्याकडे अडकून आहे. बैठकीला जे आले नव्हते त्यांचे नकार गोळा करायला दहा दिवस मिळाले होते. रानातल्या सिद्दी समाजाच्या वस्तीवर फोन लागत नव्हता, म्हणून आपण दोघी आधी जीपनं आणि मग पायी तिथं गेलो. तिथल्या बाळाबाईनं गूळपाणी दिलं, जानेवारीचा शेवटचा आठवडा खोडला आणि म्हणाली, "ठरलं की येऊन सांगा गं. निरोप धाडू नगा." आपण दोघींनी मान डोलावली. मग तुझ्या बैठका, मग माझा गुडघा. तारीख तिला कळली ती वाटेवरच्या दुकानदाराकडून. तिची भाची रचना काठमांडूला आली, बोललीही झकास. बाळाबाईकडे जाऊन सांगायचं मात्र आपलं राहून गेलं. तेव्हा पुढच्या महिन्यात तुला कधी येता येणार नाही तेवढं कळव, उरलेल्या दिवसांतला एक धरून आपण दोघी जाऊ.