गुण जाईल म्हणून

माझ्या भावाला दीड वर्ष संडासातून रक्त जात होतं आणि ते कुणाला सांगायचं नाही, असं त्याला बजावलेलं होतं.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला त्याचा युनिफॉर्ममधला फोटो फिरतोय. 'देवमाणूस', 'अचानक गेला'.

अचानक काही गेला नाही तो. म्हणून हे लिहितेय.

दादा फौजेतून हवालदार होऊन कडेगावकडं गावी परतला आणि ऊस बघू लागला. फौजेत दरवर्षी मेडिकल व्हायचं. पेन्शनीत आल्यावर कुठलं मेडिकल आणि कसलं काय.

रक्त दिसलं तसं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं, मूळव्याध.

शेजारच्या गावात एकजण रविवारी मूळव्याधीचं औषध देतो. उपाशीपोटी, केळ्यातून, फुकट. वांगं बंद, कोंबडी बंद. आणि औषध घेतोय हे कुणाला बोलायचं नाही. बोललं की गुण जातो म्हणे!

आमच्या भावकीतले निम्मे पुरुष तिथं जातात, हे मला नंतर कळलं. एकमेकांना न सांगता जातात.

घरात फक्त वहिनींना माहीत होतं.

चार दिवस रक्त थांबलं की गुण आला. परत सुरू झालं की दादा वहिनींवर डाफरायचा, "कुणाला बोल्लीस? म्हायेरी बोल्ली असणार तू!"

भाऊबीजेला साताऱ्याला माझ्याकडं आला, तर पँट पट्ट्यानं आवळलेली.

"दादा, लय वाळलास की रं."

"पथ्य हाय."

"कसलं पथ्य?"

"हाय एक. ओवाळ तू गप."

मग एक दिवस पोट फुगलं, उलट्या थांबेनात, तेव्हा मिरज गाठली.

डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

"न्हाई जात," दादा म्हणाला. हाताला सलाईन लावलेलं, तरी!

वहिनी दारातून म्हणाल्या, "दीड वरीस झालं, डॉक्टर."

दादानं त्यांच्याकडं असं बघितलं, की मीच मान खाली घातली.

"मूळव्याध आहे असं कुणी तपासून सांगितलं होतं?"

कुणीच नाही. दीड वर्षात एकाही डॉक्टरनं त्याला तपासलं नव्हतं.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर. लिव्हरपर्यंत पोचलेला.

दहाव्याला आमचा एक चुलतभाऊ वहिनींसमोर बसून म्हणतो, "वैनी, औषधाचं कुणाला बोल्ला व्हता का? गुण त्येनंच गेला बगा."

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती. अजून वाटते. तो ही पोस्ट वाचत असेल तर वाचू दे. रविवारी तोही जातो.

डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, त्रास नसला तरी सख्ख्या भावंडांनी दुर्बिणीनं आतडं तपासून घ्या. वर्षभर टंगळमंगळ करून मी गेल्या महिन्यात मिरजेला गेले. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध घ्यावं लागतं, वैताग काय तो तेवढाच.

आतड्यात एक बारीक कोंब निघाला, पॉलिप म्हणतात तो. पुढं जाऊन त्याचा कॅन्सर होऊ शकला असता, म्हणाले. तिथल्या तिथं काढून टाकला. संध्याकाळी मी घरी बसून चहा पीत होते.

दादाचंही कधीतरी एवढंच असणार. एवढंच.

वहिनी सोबत आल्या होत्या. डॉक्टरांचं ऐकून त्या माझ्याबरोबर बाहेर आल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "वन्सं, मी आईला बोल्ले व्हते. येकदाच. त्येनंच ह्ये गेलं का वो?"

मी म्हटलं, "नाही हो वहिनी."

गावभर बोलायला हवं होतं तुम्ही, हे ओठावर आलं होतं. पण बोलले नाही.

दादा, तुझा लय राग येतो रं. तरी फोटोपुढं दिवा लावलाय.

नमस्कार करते.