चोवीस चौकोन

दूध संकलनाच्या ठेकेदाराने मला फसवले. आलेखाचा एक कागद दाखवून त्याने माझ्या गाडीची फेरी काढून घेतली आणि स्वतःच्या मेव्हण्याला दिली.

सायकलला दोन कॅन लटकवून मी सुरुवात केली. पिकअप माझ्या घामाची आहे. फेरी गेली त्या दिवशी संकलन केंद्रावर माझ्या गाडीतले दूध नासलेले निघाले. "मी थेट आलो, गेटच बंद होतं," हे मी ओरडून सांगितले. ठेकेदाराने गाडीतल्या वेग नोंदवणाऱ्या यंत्राचा कागद भालकीच्या चहाच्या हॉटेलात सगळ्यांसमोर पसरला. आडवी वेळ, उभा वेग.

"ही रेघ वर गेली, ही खाली आली. अर्ध्या वाटेवरनं घरी परतलास की न्हाई, अण्णा? बायकोची आठवण आली व्हय?"

दूधवाले खदखदून हसले. मी टेबलावर मूठ आपटली. तो कागद उचलून घरी आणला. समोर टाकलेला माल पारखल्याशिवाय मी कधी सोडला नाही.

लेक पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान शिकते. कागद बघून तीही हसली.

"अप्पा, कामून वरडायलाव? ही रेघ गाडी कुठं हाय ते सांगत न्हाई, किती जोरात हाय ते सांगती. वर चढली की वेग वाढला, खाली आली की ब्रेक लागला."

"मग गाडी गेली कुठवर?"

"रेघेखालची जागा मोजा. एक चौकोन म्हणजे आडवी सहा मिनिटं, उभा ताशी दहा किलोमीटरचा वेग. झालं की एक किलोमीटर."

मी तिच्या हातची पेन्सिल हिसकावली. गावाजवळच्या खड्ड्यांतला हळू चढ, अर्धे चौकोन जोडीने धरून: चार. सडकेवरची सपाट रेघ: सोळा. शेवटचा उतार: चार. चोवीस! गावापासून केंद्र बरोबर चोवीस किलोमीटर! मी असा उठलो की चहाची कपबशी लवंडली.

"आन् परतायचं तर आधी थांबावं लागतं," लेक म्हणाली. "मधी रेघ तळाला टेकलीय कुठं?"

कुठेच नाही. टेकली ती शेवटी, आणि पाच चौकोन तशीच पडून राहिली. अर्धा तास! गाडी गेटासमोर उन्हात, आणि गेटाची किल्ली नेहमीसारखी ठेकेदाराच्या खिशात.

कागद माझ्याजवळ आहे, हॉटेल तेच आहे. ठेकेदारा, तिथेच ये. ज्या बोटाने उतार दाखवलास, त्याच बोटाने चौकोन मोज आणि सगळ्यांसमोर सांग: तो अर्धा तास किल्ली घेऊन तू कुठे होतास?