चक्कीवर वाजलेली ह्यांची चाल

आमचा चक्कीवाला तिरोड्याकडच्या एका धुमाल पार्टीवर, वरातीत वाजवणाऱ्या बँडवर, भारी जीव टाकतो. देवरीकडची पार्टी लग्नात वाजली की दळण ओतता ओतता म्हणायचा, "चोर आहेत काकू, दुसऱ्याच्या चाली वाजवून राहिले!"

यंदा त्यानं आपल्या पार्टीचं नवं गाणं मोबाइलवर कौतुकानं लावलं. ऐकते तर काय, ह्यांनी भजनात बांधलेली चाल! हा स्वतः ह्यांच्या शेजारी बसून टाळ वाजवायचा.

"बाबू, हे कोणाचं?"

"आपल्यावाल्यांनी वाजवलं म्हणजे मान देला ना, काकू," तो माझ्याकडे न पाहता बोलला.

तेव्हापासून मी डबा घेऊन दिसले, की तो मोबाइल बंद करतो. कोणाला चोरही म्हणत नाही. पण हे गेल्यापासून आमचं भजन बंदच आहे; ती चाल आता दुसरीकडे कुठं ऐकू येत नाही. वाजू दे रे बाबू, एवढं म्हणायला माझं तोंड उघडत नाही.