माझ्या साखरेचा साक्षीदार

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी अजून रागातच आहे, आणि रागावलेल्या माणसासमोर हसणं बरं दिसत नाही. गाढवपणा माझाच, कबूल. पण तो आता कॉम्प्युटरात कायमचा जाऊन बसलाय आणि येणारा प्रत्येक डॉक्टर तो वाचतो. ही काय पद्धत झाली?

भोईवाड्यातल्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात मध्यंतरी कॉम्प्युटर आले. पूर्वी केसपेपर असायचा. तो हरवला की आपण सुटलो. माझा तर मीच तीनदा हरवला. आता डॉक्टरीणबाई नुसतं नाव टाकतात आणि माझी सगळी पापं रांगेत उभी राहतात.

"काका, तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर आहे," बाई म्हणाल्या. वयानं माझ्या नातीएवढ्या, पण आवाज हेडमास्तरांचा. "तीन महिने देते. रोज चालायचं, गोड बंद. नाही उतरली तर इन्सुलिनचं इंजेक्शन. रोज."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. अख्ख्या लालबागची फिरकी घेणारा माणूस मी, पण सुई दिसली की मी दार शोधतो. चाळीत ही गोष्ट फक्त बबनला ठाऊक.

बबन परब म्हणजे माझ्या समोरच्या खोलीतला. चाळीस वर्षं मी त्याच्या खोड्या काढतोय. त्याच्या चपला फळीला खिळ्यांनी ठोकल्या. एकदा मंडळात त्याच्या नावानं भाषण जाहीर केलं. बिचारा "बंधू आणि भगिनींनो" एवढंच बोलला आणि घाम पुसत खाली बसला.

तर बाई म्हणाल्या, "आता साक्षीदाराचं नाव सांगा."

"साक्षीदार? मी काय कोर्टात उभा आहे?"

"रोज संध्याकाळी आठला त्याला मेसेज जाईल. तुम्ही शब्द पाळलात तर त्यानं एक दाबायचं, नाही पाळलात तर दोन. माणूस स्वतःला दिलेला शब्द सहज मोडतो, काका. दुसऱ्यासमोर दिलेला मोडताना लाजतो."

लाजतो म्हणे. बाई मला अजून ओळखत नव्हत्या.

मी बायकोचं नाव देईन असं त्यांना वाटलं. मी दिला बबनचा नंबर. कारण बबन आठच्या ठोक्याला जेवायला बसतो, आणि जेवताना फोन वाजला की त्याचं डोकं फिरतं. तीन महिने, रोज. मी खुशीत घरी आलो आणि वाटेत गुळातला खाजा खाल्ला.

आठ वाजता फोन वाजला. मी दाराआड. बबन ताटावरून उठून गॅलरीत आला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला, मेसेज वाचला. मग माझ्या दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "दोन."

"अरे, मी गोडाला शिवलोसुद्धा नाही."

"चाललस?"

"नाही."

"मगे दोन."

दुसऱ्या दिवशी नाक्यापर्यंत जाऊन आलो. तरी "दोन".

"आता का रे?"

"माका दिसूक नाय."

म्हणजे साहेबांना दिसलं पाहिजे. तिसऱ्या दिवसापासून त्याला बरोबर घेऊन शिवडीच्या खाडीपर्यंत चालायला लागलो. तो तिथले गुलाबी पक्षी बघायचा आणि मी त्याचा चेहरा. चहा बिनसाखरेचा, आणि पिऊन झाला की कप त्याला हुंगायला द्यायचो. सत्यनारायणाचा प्रसाद कपाळाला लावला आणि बबनच्याच हातावर ठेवला. संत तरी याहून वेगळं काय करतात?

आणि आठ वाजता गॅलरीतून काय? "दोन."

डोकं फिरेल की नाही, तुम्हीच सांगा. आयुष्यात पहिल्यांदा खरं वागतोय, आणि दवाखान्याच्या दप्तरी मी चोर.

"बबन्या, मस्करी पुरे. ती बाई मला टोचेल."

"टोचांदे. चाळीस वर्सां तू माका टोचतस."

महिना झाला तसा माझा संयम संपला. तडक दवाखाना गाठला. काउंटरवर सावंतबाई. त्यांना विनोद कळत नाही. तुम्ही बोलाल ते अक्षर न् अक्षर कॉम्प्युटरात जातं.

"लिहा," मी म्हटलं. "माझा साक्षीदार बबन परब एक नंबरचा खोटारडा आहे. तो जे सांगेल त्याच्या बरोब्बर उलट धरावं. आत्तापर्यंतचं आणि इथून पुढचंही."

"नक्की?"

"नक्की. आणि मोठ्या अक्षरात लिहा."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, कागद छापून पुढं केला. मी खाली सही ठोकली. शाळा माझी सातवीपर्यंतच, पण सही झोकदार.

त्यानंतर बबन "दोन" म्हणाला की मी मिशीत हसायचो. म्हण बेट्या. चालणं मात्र सोडलं नाही, नाहीतर त्याला संशय आला असता.

तीन महिने भरले. रक्त आदल्या दिवशी दिलं होतं, रिपोर्ट यायचा होता. बाईंनी साक्षीदारालाही बोलावलं होतं. त्यांनी माझी फाइल उघडली. पडदा लालेलाल.

"काका, एकही दिवस पाळला नाहीत?"

त्या लालीवरून कॉम्प्युटरनं इंजेक्शनची चिठ्ठी आपणहून तयार केलेली. सिस्टरनं पेनासारखं काहीतरी आणून टेबलावर ठेवलं आणि टोपण काढलं. आत सुई. मी खुर्चीसकट मागं सरकलो.

"याला विचारा," मी बबनकडं बोट केलं. "यानं रोज दोन दाबला."

बबननं आपला फोन बाईंपुढं ठेवला. बाई बोटानं सरकवत गेल्या. एक. एक. एक. सगळे एक. खाजा खाल्ला त्या दिवसाचासुद्धा.

"मग गॅलरीत दोन दोन कोण बोंबलत होता?"

"मीच," बबन म्हणाला. "एक म्हटलं असतं तर तू खाटेर पडान रवलो असतस. आमच्या दादाचो साखरेन पाय काढलो, तेव्हा हॉस्पिटलात माझ्यावांगडा तूच होतस. इसारलस?"

विसरलो नव्हतो.

बाईंनी शेवटी सावंतबाईंचा तो शेरा शोधून काढला. सिस्टरनं दर आठवड्याला इमानेइतबारे बबनचे सगळे एक उलटे करून दोन केले होते. खाली माझी झोकदार सही. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून हसून, बरं का.

तेवढ्यात रिपोर्ट आला. साखर सातवर उतरलेली. इंजेक्शन नको. मी उठलो, तर बाई म्हणाल्या, "बसा. कॉम्प्युटरनं काढलेली चिठ्ठी रद्द करायची तर कारण लिहावं लागतं."

घ्या. टोचायला कारण लागत नाही, न टोचायला लागतं.

"काय लिहू, काका? तुमच्याच शब्दांत सांगा."

मी बबनकडं बघितलं. तो भिंतीवर पायांची काळजी कशी घ्यावी ते वाचत होता, जसा काही परीक्षेलाच बसणार होता.

"लिहा," मी म्हटलं. "साक्षीदार खरा होता. पेशंट खोटा."

आता माझं नाव टाकलं की ही ओळ पिवळ्या चौकटीत सगळ्यांत वर येते. गेल्या महिन्यात त्याच दवाखान्यात डोळे तपासायला गेलो. तिथल्या मुलीनं चौकट वाचली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तक्त्याकडं बोट केलं. मी सगळ्यांत बारीक ओळ खडाखडा वाचून दाखवली. एक अक्षर चुकलं नाही.

ती उठली, दार उघडलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या बबनला विचारलं, "आजोबा, यांना खरंच दिसतं का हो?"