असियामाची शेवटची भिंत

आमच्या माम्पोंग गावात घराला रंग लागला की लोक आधी विचारतात, कोण गेलं? लग्नाला, बारशाला भिंतीकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण माणूस मेला की त्याला कुमासी शहरातल्या शीतघरात ठेवायचं, दोन महिने, तीन महिने, आणि तेवढ्यात घर असं नटवायचं की मातीला आलेल्या पाहुण्यांनी तोंडात बोट घालावं. तेही फक्त रस्त्याकडच्या बाजूनं. मागे सिमेंटचे ठोकळे उघडेच.

एकवीस वर्षं असियामा याच धंद्यावर जगला. स्प्रे गननं दाणेदार रंग मारायचा. रंगात दगडाची बारीक चुरी, लापशीसारखा दाट. गनच्या डोक्यावरच्या डब्यात तो ओतायचा, कॉम्प्रेसर सुरू करायचा आणि भिंतीपासून दीड हात लांब उभं राहून एका चालीत हात फिरवायचा. एका कोपऱ्यातून निघालात की दुसरा कोपरा येईपर्यंत थांबायचं नाही. थांबलात तर तिथे सांधा दिसतो आणि मग तो जन्मभर दिसतो. असियामाच्या भिंतीला सांधा नसायचाच. "माझी गिऱ्हाइकं फार गुणी," तो म्हणायचा, "एकही कधी तक्रार घेऊन उठून आलं नाही."

तोंडाला साधं फडकं बांधायचा नाही. काम संपलं की भुवयांपर्यंत पांढरा होऊन माझ्या टपरीवर यायचा आणि दुधाचा डबा मागायचा. आमच्याकडचे सगळे रंगारी असं डब्यातलं दूध पितात. छाती धुऊन निघते म्हणतात. डबा मीच फोडून द्यायची. त्याचं घर माझ्या टपरीच्या अगदी समोर. त्याचं म्हणजे त्याच्या आईच्या कुळाचं. आमच्यात माणूस आईच्या कुळाचा, त्यामुळे पोटच्या पोराला शब्द नाही. मामाचं काय करायचं ते भाच्यानं ठरवायचं. आणि याचा भाचा ओफोरी. बोलायला मधासारखा, आतून पक्का बेरकी.

मग एका वर्षी असियामाला चार पावलं चालून धाप लागायला लागली. मी त्याला ओढत दवाखान्यात नेलं. नर्सनं विचारलं, "यावर काय घेता?" तो म्हणाला, "दूध." ती एवढी हसली की तिला बसावं लागलं. "अहो आजोबा, दूध पोटात जातं, छातीत नाही. तुमच्या छातीत दगडाची पूड बसलीय." डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. गुरुवारी कुमासीच्या मोठ्या दवाखान्यात खाट मिळेल, तिथे उपचार केले तर अजून काही वर्षं निघतील. ती गुरुवारची खाट चुकवू नका, असं दोनदा बजावलं.

चिठ्ठी बघून ओफोरी म्हणाला, "नेऊ की मामा. या महिन्यात जरा ओढाताण आहे एवढंच."

आणि सोमवारी अंगणात कॉम्प्रेसर येऊन उभा राहिला.

घरात कुणी मेलेलं नव्हतं. सगळी गल्ली काय ते समजली आणि आपापल्या चुलीकडे वळली. मीही वळले. असियामा आत खाटेवर पडून होता. आवाजावरूनच त्याला कळलं, हवा कमी आहे आणि भाड्यानं आणलेला रंगारी गन भिंतीला चिकटवून मारतोय. कमरेचं कापड सावरत बाहेर आला. भिंतीवरून रंगाचे ओघळ चालले होते.

"भिंत रडवलीस की गाढवा!" रंगाऱ्यावर तो ओरडला. मग भाच्याकडे वळला. "ओफोरी, कोण गेलं रे?"

"कुणी नाही मामा. ईस्टर आलाय. म्हटलं घर जरा बरं दिसावं."

"ईस्टर दर वर्षी येतो. रंग आजच आला."

ओफोरीनं फोनमध्ये तोंड घातलं.

"बरं ऐक," असियामा म्हणाला. "भिंत मी मारतो. गुरुवारी मला कुमासीला नेशील?"

"नेतो की! गाडी सांगूनच ठेवतो."

"आईची शपथ घे."

"आईची शपथ, मामा." त्याची आई म्हणजे असियामाची सख्खी बहीण, दोन वर्षांपूर्वी वारलेली.

दोन दिवस तो मारत होता. आधी ओघळ खरवडले, मग अस्तर दिलं, मग दाणा. मी रस्ता ओलांडून गेले आणि ओरडले, "मेल्या, खाली बस, मरशील!"

"बसलो तर सांधा पडेल, सेरवा," तो म्हणाला. हात चालूच.

पण फाटकाजवळ खोकल्यानं त्याला गाठलंच. गन खाली गेली, तो कॉम्प्रेसरवर ओणवा झाला. माझ्या कढईतले केळ्याचे काप लाल होईपर्यंत तो खोकत होता. मग उठला आणि उरलेली भिंत पुरी केली. जिथे थांबला होता तिथे बोटभर रुंद सांधा उमटला. नंतर टपरीवर येऊन त्यानं दूध मागितलं.

"नर्स काय म्हणाली ते विसरलास का?"

"तू दे ग."

मी दिलं. विकायलाच बसले होते. आता लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

बुधवारी ओफोरीनं समारंभात पांघरायचं भारीतलं केंटे वस्त्र आणलं, मामाला गुंडाळलं, भिंतीपुढे खुर्ची ठेवली. "फोटो काढू मामा, दवाखान्याच्या कार्डाला लागतो." दवाखान्याच्या कार्डाला केंटे! असियामा काय खुळा होता? त्यानं रंगवलेल्या भिंतींवर असले शेकडो फोटो चिकटले होते, खाली जन्माची तारीख आणि मरणाची. त्यानं स्वतः खुर्ची थोडी सरकवली. "इथे घे. इथले दाणे नीट आलेत. तो सांधा येऊ देऊ नकोस." मग मला हाक मारून म्हणाला, "सेरवा, उद्या लवकर उठव हं. गाडी यायचीय."

गुरुवारी पहाटेपासून तो पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला. ओफोरीचा फोन बंद. दुपारी मी पेज नेऊन दिली, ती त्यानं हातातच धरून ठेवली. टॅक्सी मीही करू शकले असते. बाजाराचा दिवस होता, टपरी सोडवेना. अंधार पडला तेव्हा तो पिशवी घेऊन आत गेला.

रविवारी सकाळी तो गेला. आता गाडी अर्ध्या तासात आली. चौघांनी मिळून त्याला उचललं, ओफोरी पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, आणि असियामाला कुमासीला नेलं. त्याच मोठ्या दवाखान्यात, मागच्या बाजूला, शीतघरात. तिथे त्याला दहा आठवडे जागा मिळाली.

मातीला सगळं गाव लोटलं. बायका भिंतीवरून हात फिरवत होत्या. ओफोरी तर असा धाय मोकलून रडला की दोघांना त्याला धरावं लागलं. मामाचा मोठा फोटो त्यानं आपल्या हातानं चिकटवला, बरोब्बर फाटकाजवळच्या सांध्यावर.

दोन पावसाळ्यांत तो फोटो धुऊन गेला. नवे रंगारी माझ्याकडे येतात, बाकड्यावर बसून समोर बघतात. "काम नामी आहे," परवा एक जण म्हणाला, "फक्त फाटकापाशी कुणीतरी हात थांबवलाय." भुवयांपर्यंत पांढरा होता. दूध मागत होता. मी डबा फोडला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.