सुईच्या आधी सुटलेले हात

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. रडण्याआधी राग आला, आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही.

माझी ही मैत्रीण घाटंजीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय होती तिला; प्राचार्यांचंही सोडायची नाही. पेशींचा धडा आला की मुलींना पटांगणात नेऊन, हातात हात देऊन दाटीनं उभं करायची. "हाल बरं आता! जागा हाये का?" मुली खिदळायच्या. मग सांगायची, आपल्या त्वचेच्या, आतड्यांच्या, स्तनातल्या नळ्यांच्या अस्तराच्या पेशी अशाच एकमेकींना धरून असतात. शेजारणीचा हात लागला की पेशीला कळतं, जागा भरली, वाढणं पुरे. कितीतरी कॅन्सरमध्ये हा हातच सैल होतो. मग पेशी वाढतच राहते आणि हिंडायला निघते.

...तिच्याच छातीत गाठ लागली ती दिवाळीच्या सुमारास. डॉक्टरांनी सुई घालून तुकडा तपासायला सांगितला. माझी यादी तयार होती: सकाळची एसटी, यवतमाळ, तपासणी, संध्याकाळी परत. तिचे मोठे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, आडवे आले. "गाठीले सुई लावू नका. सुई लागली का ते अंगभर पसरते. दुखून राह्यली का? नाही ना? मंग? कापूस निघू द्या, पाहू." बोंडअळीनं शेत पोखरलेलं वर्ष होतं. अळीसाठी मात्र त्याच दिवशी फवारणीचं औषध आणायला माणूस धाडला होता!

सुनंदा पदर सावरून म्हणाली, "दादा, सुईनं हात नाही सुटत. ते आधीच सुटले, म्हणून तर गाठ हाये. थांबलो तर हिंडतीन."

"तुमचं शिकवणं कॉलेजात," ते हसले. नवरा जमिनीकडे बघत बसला. मी तोंड उघडलं तर सुनंदानंच माझं मनगट दाबलं. "राहू दे वं. घरात भांडण नको." तिचाही राग आहे मला. हात कधी सोडवून घ्यायचा, हे तिला कळायला हवं होतं.

शेवटचं बोंड वेचून उलंगवाडी झाली, कापसाचा हंगाम सरला, तेव्हा सुई लागली. तोवर काखेत गाठी होत्या, यकृतातही.

तेरवीला भासरे पंगतीत सांगत होते, "सुई लावली, अन् पाहा, पसरली." मी बुंदीचं ताट खाली ठेवलं. "सुईनं नाही, भाऊ. तुम्ही थांबवलं, तेवढ्यात पसरलं."

"बाई, आता इथं कायले..." कुणीतरी म्हणालं.

इथंच. आणखी कुठं बोलायचं होतं?

भांडी आवरताना भासऱ्यांची बायको, सुनंदाची जाऊ, मागच्या अंगणात आली. पदराखाली हात नेत हळूच म्हणाली, "ताई, माह्याबी इथं काहीतरी लागते. आमच्या ह्यायले नाही सांगतलं... काय म्हणतीन ते ठाऊकच हाये."

परवा नवरा बाभुळगावला गेल्याचं पाहून ती माझ्यासोबत यवतमाळच्या एसटीत बसली. तपासणीच्या खोलीत सुई जवळ आली, तसं तिनं माझं मनगट धरलं... गच्च, थेट सुनंदासारखं.

रिपोर्ट यायचा आहे. सुई निघाली, पट्टी लागली, तरी मी मनगट सोडवून घेतलं नाही.